बोंबल्या आणि घुम्या

६ जानेवारी

वहिनीबाई,

कागदावर लिहिलंय म्हणून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही, मग तुझा नवरा मध्ये पडतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो. कागदावर निदान समोरचीचं ऐकून घ्यावं लागतं. शिवाय कोणाचा मेल कोणी कधी उघडला हे बघायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे घरचं काही मेलवर लिहायची माझी हिंमत होत नाही.

तुझा नवरा, म्हणजे माझा टिल्लू, मजेत आहे. वेळेवर जेवतो, आंघोळीला अजून तेवढाच वेळ लावतो आणि माझ्या घरात राहून माझ्याच टॉवेलला हात पुसतो.

बातमी अशी की कंपनीसाठी पाळतीचं सॉफ्टवेअर निवडायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय. तुम्हा विमावाल्यांना कळेल असं सांगते. आमच्या पंपांच्या कारखान्यात प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक सर्व्हर, कार्ड लावून उघडणारं प्रत्येक दार आपापली नोंद ठेवतं. कोण आलं, कोणी कुठली फाइल उघडली, कोणाचा पासवर्ड चुकला. आजवर या नोंदी जिथल्या तिथे पडून असायच्या आणि काही विपरीत घडल्यावरच कोणीतरी त्या उकरायचं. हे सॉफ्टवेअर त्या सगळ्या एका जागी गोळा करतं, एकमेकींशी ताडून बघतं आणि वावगं दिसलं की ओरडतं. दोन कंपन्यांची दोन सॉफ्टवेअरं शेवटच्या फेरीत आली आहेत. दोन्ही शेजारी शेजारी चालवायची, दोघांना त्याच नोंदी खायला घालायच्या आणि कोण काय पकडतं ते बघायचं.

एकाचं नाव मी बोंबल्या ठेवलंय. त्याला आधी नियम शिकवावे लागतात, मग नियम मोडला की बोंब. दुसरा घुम्या. तो नियमांच्या फंदात पडत नाही. काही दिवस गप्प बसून प्रत्येक माणसाच्या सवयी शिकतो, आणि मग माणूस सवय सोडून वागला की त्याच्या नावापुढे मुकाट गुण चढवत जातो. बोंबल्या बसवायला सोपा, आमच्या म्हाताऱ्या मशिनांशीसुद्धा त्याचं जमतं, पण त्याच्या बोंबा ऐकायला खोलीभर माणसं लागतात. घुम्या लाडावलेला आहे, नोंदी नीट निवडून पाखडून दिल्या तरच तोंड लावतो, पण त्याला सांभाळायला एक माणूस पुरतो. मला घुम्या हवाय. खरेदी खात्याच्या गृहस्थाला बोंबल्या हवाय, कारण बोंबल्याचा विक्रीवाला त्याच्याशी गोड बोलतो. या गृहस्थाला सॉफ्टवेअर आणि सोफासेट यांतला फरक कळत नाही, पण बैठकीत साहेबांच्या शेजारी बसतो.

आता तुझ्या कामाचं. अशा तुलनेत एक खोटा चोर लावायची आमच्याकडे पद्धत आहे. कारखान्यातल्याच एखाद्याला सांगायचं, बाबा रे, काही दिवस संशय येईल असा वाग. मी टिल्लूला निवडलंय. तो ड्रॉइंग खात्यात, नव्या पंपाची ड्रॉइंग्ज त्याच्याच हाताखालून जातात, आणि त्याच्या सवयी मला त्याच्या जन्मापासून पाठ आहेत. कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही असं बजावलंय. चोर कोण हे जितक्या कमी जणांना माहीत, तितकी परीक्षा खरी. तुला मीच सांगून टाकते, कारण तो सांगितल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही.

भाचीला पापा.

ताई


१५ जानेवारी

ताई,

पाकीट बघून आधी वाटलं वकिलाची नोटीस आली. वाचल्यावर वाटलं, नोटीस परवडली असती.

यांनी मला फोनवर सांगितलंच होतं. शाळेच्या नाटकात काम मिळालेल्या पोरासारखे खूश होते. “ताईने मलाच निवडलं,” हे वाक्य इतक्यांदा म्हणाले की मी शेवटी फोन लेकीच्या हातात दिला. आणि ताई, त्यांना टिल्लू म्हणणं सोडा आता. डोक्यावरचे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, एका मुलीचा बाप आहे माणूस.

मी विम्याचे दावे तपासते. लोकांनी जळालं म्हणून लिहिलेलं खरंच जळालं का, पडला म्हणून सांगितलेला खरंच पडला का, हे बघणं माझं काम. त्यामुळे खोट्या गोष्टीत खरा माणूस घातला की मला भीती वाटते. एप्रिलमध्ये यांना कायम करायचं ठरलंय. त्या एका गोष्टीवर आमचं सगळं उभं आहे. हे कायम झाले की मी इथली नोकरी सोडणार, लेकीचं नाव तिकडच्या शाळेत घालणार आणि एकदाचं आम्ही तिघं एका छपराखाली राहणार. लग्न झाल्यापासून जास्त काळ हे तुमच्याकडे आणि आम्ही दोघी इथे. लेक त्यांच्या खुर्चीत पाहुण्यांनासुद्धा बसू देत नाही. ‘बाबांची आहे,’ म्हणून सांगते, आणि पाहुणे उभे राहतात.

तेव्हा सरळ विचारते. खोटा चोर म्हणजे हेच, हे साहेबांना माहीत आहे का? उद्या तुम्हाला ताप आला, किंवा देव न करो तुम्ही बसखाली आलात, तर हा माणूस खोटा चोर आहे हे सांगणारं कोणी मागे राहतं का? एवढं कळवा, म्हणजे मी माझ्या दाव्यांकडे वळते.

तुमची भावजय


२ फेब्रुवारी

वहिनीबाई,

बसखाली मी येणार नाही, तुझी कितीही इच्छा असली तरी.

साहेबांच्या कानावर टिल्लूचं नाव मी पहिल्याच दिवशी घातलंय. साहेब, मी आणि तो. चौथी तू, आणि चौघांत सगळ्यात जास्त बडबड करणारीही तूच. झालं समाधान?

इथली गंमत ऐक. बोंबल्याने कहर मांडलाय. सफाईवालीने चुकीच्या दाराला कार्ड लावलं, बोंब. साहेबांनी पासवर्ड विसरून पुन्हा पुन्हा चुकीचा टाकला, बोंब. हिशेब खात्यातल्या बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या आणि त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, त्यावरही बोंब. माझ्या खोलीतली माणसं आता त्याच्या बोंबा न वाचताच पुसून टाकतात. परवा एकाला मी विचारलं, काय होतं रे ते? तो म्हणाला, नेहमीचंच असेल. बोंबल्याचा विक्रीवाला म्हणतो, नियम बारीक लावा म्हणजे बोंबा कमी होतील. मी म्हटलं, नियम लावत बसायला तुम्हीच येऊन राहा इथे. खरेदीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. घुम्या मात्र बसून शिकतोय. कोण सकाळी आल्या आल्या काय उघडतं, कोण जेवणाच्या सुट्टीत जागेवरून उठतं, सगळं त्याला कळायला लागलंय. मला तो आवडतो. माणसांपेक्षा बरा, प्रश्न विचारत नाही.

टिल्लूला मी थोडं धीट व्हायला सांगितलंय. परवानगी नसलेली एकही फाइल उघडायची नाही, कुलूपबंद जागी जायचं नाही. त्याच्याच कामाची ड्रॉइंग्ज, त्याच्याच पेनड्राइव्हवर, जी तो एरवीही वर्कशॉपमध्ये घेऊन जातो. फक्त एरवी एक ड्रॉइंग घेतो तिथे आता ढीग घ्यायचा, आणि तोही सुट्टीच्या दिवशी येऊन. पहिल्यांदा करून आला तेव्हा अर्धा कप चहा माझ्या सोफ्यावर सांडला. मला हसू आवरेना. म्हटलं, अरे, खोटी चोरी करतानाही तुझी तंतरते, खरी कधी जमायची?

तू त्याला इथे घर बघायला सांगितलंयस म्हणे. एवढी घाई कशाला करतेस? तुझ्या हातचं जेवण त्याला पचत नाही, असं तो म्हणत नाही. मी म्हणते.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

काल रात्री यांचा फोन आला तो नेमका लेकीने घेतला. बराच वेळ नुसतं ‘बाबा, बोला ना’ म्हणत होती. मी फोन ओढून घेतला.

मग हळूहळू सगळं कळलं. सुरक्षारक्षक त्यांच्या टेबलापाशी आले, उठा म्हणाले. अख्ख्या ड्रॉइंग खात्यादेखत कार्ड काढून घेतलं, पेनड्राइव्ह काढून घेतला, खिसे तपासले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली म्हणे. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, पर्सचं. मग एका खोलीत बसवून ठेवलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणून संध्याकाळी पाठवून दिलं.

तुम्ही काचेपलीकडे होतात. यांनी तुम्हाला पाहिलं, तुम्ही यांना पाहिलंत. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. हे म्हणतात, ‘ताईचं काहीतरी गणित असेल.’ मला ते गणित समजावून सांगा. साहेबांना माहीत आहे ना? मग रक्षक कोणी पाठवले? आणि हे सगळं मिटवायला तुम्ही कोणाची वाट बघताय?

भावजय


२३ फेब्रुवारी

वहिनीबाई,

इतकी आदळआपट करण्यासारखं काही घडलेलं नाही. उलट पेढे वाटावेत असं घडलंय. घुम्याने पकडलं त्याला. बोंबल्या शेजारी बसून सफाईवालीच्या नावाने ओरडत होता आणि घुम्याने टिल्लूच्या नावापुढे गुण चढवत चढवत त्याला सगळ्यांच्या वर नेऊन बसवलं. कुठलाही नियम मोडलेला नसताना! हेच मला दाखवायचं होतं.

पण परीक्षा अजून संपलेली नाही, हे समजून घे. नुसतं पकडणं पुरत नाही. पकडल्यावर चौकशीत त्या सॉफ्टवेअरने काढलेला अहवाल टिकतो का, कोणाच्या अहवालावरून कधी काय घडलं ते नीट सांगता येतं, हासुद्धा तुलनेचा भाग आहे. मी आत्ता उठून ‘हा तर आपलाच, खोटा चोर’ असं म्हटलं तर सगळं मुसळ केरात. चौकशी खरी व्हायला हवी. रक्षकांना खरं वाटलं म्हणून ते खरे वागले. तेही त्यात आलं.

टिल्लूचा धीर सुटत चाललाय. माझ्यासमोर मान डोलावतो, पण चौकशीत घाबरून काहीतरी बरळेल. त्याने एकच म्हणायचं आहे, ‘मला काही सांगायचं नाही.’ बस्स. साहेब सगळं सावरून घेतील. तुझं ऐकतो तो. मी सांगितलं तर नुसतं ऐकेल, तू सांगितलंस तर धरून बसेल. तेव्हा फोन करून सांग. एवढं माझ्यासाठी नाही, एप्रिलसाठी कर.

ताई


१२ मार्च

ताई,

तुम्ही सांगितलंत तसं मी यांना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, बजावलं. चौकशीच्या आदल्या दिवशी हे म्हणत होते, ‘मी साहेबांना खरं काय ते सांगून टाकतो, मला झोप लागत नाही.’ मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, ताई इतकं जिवाचं रान करते आहे आणि तुम्हाला चार दिवस तोंड बंद ठेवता येत नाही? तेव्हा ते गप्प झाले, आणि चौकशीतही गप्प राहिले. विचारलं त्या प्रत्येक प्रश्नाला ‘मला काही सांगायचं नाही’.

परवा यांना काढून टाकलं. गप्प राहिले म्हणजे गुन्हा कबूल, असं चौकशीवाल्यांनी ठरवलं. दुसऱ्या दोन पंपवाल्यांकडे यांनी लगोलग शब्द टाकून पाहिला, तर तिथे बातमी यांच्या आधी पोचली होती.

एप्रिलपर्यंत नोटिशीची मुदत भरावी म्हणून मी जानेवारीतच राजीनामा देऊन बसले होते. आज आमच्या अधिकाऱ्यासमोर उभी राहून तो परत मागितला. ‘काय, सासरी जायचं रद्द?’ म्हणून तो हसला, आणि मीसुद्धा हसले. तिकडच्या शाळेत धरून ठेवलेली लेकीची जागाही सोडली. ती मात्र हसली नाही.

साहेब सावरून घेणार होते ना? सावरून घ्या म्हणावं. नाहीतर मी येऊन विचारते.

भावजय


१८ मार्च

वहिनी,

तुझा राग मी समजू शकते. मीही तुझ्याएवढीच पोळले आहे.

साहेबांनी ऐन वेळी कानांवर हात ठेवले. म्हणाले, असं काही आपलं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. मी त्यांच्या दालनात रडले. आजवर त्या इमारतीत मी कधी रडले नव्हते. पण मोठ्या माणसाने शब्द फिरवला की आपण काय करणार? आता मी आरडाओरडा केला तर मीही बाहेर, मग दोघं भावंडं रस्त्यावर. हे टिल्लूला पटलंय. त्याची समजूत मीच घातली.

तू येऊ नकोस. त्याला ते सोसणार नाही. खोलीतून फारसा बाहेर येत नाही, दाढी करत नाही. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणाले. तुला बघून त्याला आपण काय गमावलं तेच आठवेल. थोडा काळ जाऊ दे. माझ्याकडे आहे तो, उपाशी नाही.

कंपनीने घुम्या घेतला. सुरक्षा खातं आता सगळं माझ्याकडे दिलंय. मी नकोच म्हणत होते.

ताई


२ एप्रिल

ताई,

मी येऊन गेले. तुम्ही घुम्या बनवणाऱ्या कंपनीकडे तुमच्याच सत्काराला गेला होतात, तो दिवस मी निवडला.

तुमच्या साहेबांनी मला ताटकळत ठेवलं नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. मी ठरवून गेले होते की शब्द फिरवणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं. त्याची वेळच आली नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि इतक्या हळुवारपणे बोलले की डॉक्टर आजाराचं नाव सांगतात तसं वाटलं.

म्हणाले, “बाई, खोटा चोर होता. पण तो स्टोअरमधला कारकून. तुमच्या नणंदेने पहिल्याच दिवशी मला त्याचं नाव सांगितलं होतं. त्याला दोन्ही सॉफ्टवेअरांनी पकडलं. बरोबरी झाली होती, आम्ही ते दुसरं, स्वस्तातलं घेणार होतो. तुमच्या नवऱ्याने ती बरोबरी फोडली.”

मग तुमचं कौतुक सुरू झालं. सख्खा भाऊ असून पाठीशी घातला नाही. चौकशीत एका शब्दाने मध्ये पडल्या नाहीत. दर बैठकीत ते ही गोष्ट सांगतात म्हणे, गिऱ्हाइकांनासुद्धा. आमचं सॉफ्टवेअर कसं आणि आमची माणसं कशी, हे एका गोष्टीत सांगून होतं.

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला बोलावा, तो सांगेल कोणाच्या सांगण्यावरून हे केलं. ते भले गृहस्थ, त्यांनी गाडी पाठवली. हे आले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी उभे राहिले. साहेबांनी विचारलं, “ताईंनी तुम्हाला हे करायला सांगितलं होतं का?”

हे फरशीकडे बघत म्हणाले, “नाही. हिला धक्का बसलाय, काहीही बोलते.”

मी पर्स उचलली आणि निघाले. साहेब दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, अशा वेळी बायकोला वाईट वाटणारच. त्या माणसाची मला कीव आली, आणि त्याच्या नजरेत माझी.

परतीच्या गाडीत मी एखादा दावा तपासावा तसं सगळं पुन्हा लावून पाहिलं. नियम मोडला तर दोघंही पकडणार. म्हणून तुम्ही यांना एकही नियम मोडू दिला नाहीत. फक्त सवय मोडायला लावलीत, म्हणजे बोंबल्याला दिसू नये आणि घुम्याला दिसावं. आधी निकाल ठरवलात आणि मग त्या मापाचा चोर बेतलात. कापड म्हणून घरातला माणूस घेतलात. आणि त्याचं तोंड शिवायला मला बसवलंत.

हाताखाली एक खातं यावं म्हणून भाऊ विकणारी बाई मी आजवर कुठल्या दाव्यात वाचली नव्हती. त्यांना घरी पाठवा आणि तुमच्या साहेबांना खरं सांगा. तुमच्यात काही उरलं असेल तर.

भावजय


१० एप्रिल

वहिनी,

खात्यासाठी? इतकी हलकी समजलीस मला? तुझा हिशेब सगळा बरोबर, फक्त शेवटची ओळ चुकली.

घुम्या मला हवा होता, हे खरं. स्टोअरचा कारकून पाठीशी साहेब आहेत म्हणून छाती काढून चोऱ्या करत होता. असल्याला कोणीही पकडतं. आपण वाचणार की नाही याची धाकधूक असलेला माणूस हवा होता. पण असा कोणीही चालला असता. ड्रॉइंग खात्यात माणसं काय कमी आहेत? मी टिल्लूला घेतलं, कारण एप्रिलमध्ये तू येणार होतीस.

आई गेली तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. त्याला मी भरवलं, त्याच्या शाळेत आईच्या जागी मी जाऊन बसले, मला बघायला येणाऱ्यांना त्याच्यापायी मी परत पाठवलं. असा वाढवून तयार केलेला माणूस तू एका दुपारी हार घालून घेऊन गेलीस. नोकरीच्या निमित्ताने का होईना तो माझ्याकडे परत आला, त्या खोलीत दिवा लागायला लागला. आणि तू पत्रात लिहितेस, एकदाचं आम्ही तिघं एका छपराखाली राहणार. तिघं. बोटं मोजून लिहिलं होतंस.

आता तो कुठे जात नाही. त्याला कोणी नोकरी देणार नाही आणि माझ्या पगारात दोघांचं छान भागतं. दुखणंखुपणं मी बघते. तुझ्याकडे पाठवून काय करू? तिथे तो चोराचा बिल्ला लावून लेकीच्या शाळेच्या दारात उभा राहणार का?

हे मी कागदावर लिहून देते आहे, बघ. कोणाला दाखवायचं ते दाखव. साहेबांना दाखव. त्यांची आवडती गोष्ट मोडेल असा कागद ते हातात धरायचे नाहीत.

आणि टिल्लूपासूनही काही लपवलेलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. ‘भाऊ विकणारी’ सुद्धा गाळलं नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, “ताईने केलं असेल तर विचार करूनच केलं असेल.” आणि ताट पुढे ओढलं.

त्याचे जाड कपडे तुझ्याकडे राहिलेत ते पाठवून दे. भाचीला सुट्टीत माझ्याकडे पाठवायला हरकत नाही. एकटीला.

ताई


२६ एप्रिल

ताई,

कपडे पाठवले आहेत. धुवून, बटणं लावून. चष्म्याचं जुनं घरही त्यात घातलंय. खुर्ची पाठवता येण्यासारखी नव्हती, ती खालच्या वॉचमनला दिली.

तुमचं पत्र मी कोणाला दाखवलं नाही, दाखवणारही नाही. तुमच्याशी भांडायचं तर त्याला काहीतरी परत हवं असायला लागतं. मला आता काही परत नको आहे. लेकीला सांगून टाकलं, बाबा आत्याकडे राहणार. तिने विचारलं, कायमचे का? मी हो म्हटलं. ती रडली, मग झोपली. तिला तुमच्याकडे पाठवणार नाही. एक वाढवलंत तेवढं पुरे.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. ताट पुढे ओढून ते जे बोलले ते तुमच्यापुरतं होतं. परवा तुम्ही ऑफिसात असताना त्यांनी शेजारच्यांच्या फोनवरून मला फोन केला. म्हणाले, “मला इथून घेऊन जा. ती समोर असली की मला बोलता येत नाही. तिची नोकरी जाईल म्हणून तुला खोटं पाडलं, पण मला इथे नाही राहायचं. तू ये. मी पिशवी भरून पलंगाखाली ठेवली आहे.”

मी नाही म्हटलं. ज्या माणसाने परक्या माणसासमोर मला वेडी ठरवलं, त्याला मी माझ्या घरात घेणार नाही. जिथे आहात तिथेच राहा म्हटलं. ते बराच वेळ रडत होते. मी फोन ठेवला नाही.

शेवटी म्हणाले, फोन केल्याचं ताईला कळू देऊ नकोस, तुझ्या पाया पडतो. म्हणून मुद्दाम लिहून कळवते आहे. फोन शेजारच्यांचा होता, आणि पिशवी तुमच्या भावाच्या पलंगाखाली आहे.

भावजय